आबांसाठी घेतलेली लेन्स

आमच्या घरात आबांचा एकही फोटो नव्हता. आबा म्हणजे माझे सासरे. आणि मी पोटापाण्यासाठी काय करते, तर फोटो काढते. बारामतीत माझा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, शाळांचे ग्रुप, सगळं करते. गावोगावच्या भिंती मी भरल्या, पण घरचा म्हातारा काही माझ्या कॅमेऱ्यात सापडला नाही. मोबाईल वर झाला की त्यांची काठी वर व्हायची. आधार कार्डावर आहे म्हणा एक फोटो, पण त्यात आबा नाहीत. भलताच कुणीतरी दचकलेला म्हातारा आहे.

त्यांचं कारण जुनं होतं. जवानीत एका मोठ्या कुस्तीआधी कुणीतरी त्यांना उभं करून फ्लॅश मारला. डोळ्यांपुढं चांदण्या आल्या आणि त्या जाईपर्यंत आबा पाठीवर पडले होते. तेव्हापासून फोटो म्हटलं की त्यांचं टाळकं सटकायचं. पुढं ते वस्ताद झाले, कऱ्हाटीच्या अलीकडं आमच्या वस्तीवर तालीम बांधली, दोन पिढ्या घडवल्या. त्या पिढ्यांचे फोटो तालमीत ओळीनं लागलेत. वस्तादांची जागा तेवढी मोकळी.

सासूबाई गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला फोटो नव्हता; आबांपायी त्याही कधी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. एका लग्नाच्या गर्दीतून, दोन बायकांच्या खांद्यांमधून मी त्यांचं डोकं कापून काढलं आणि मोठं केलं. तो फोटो अजून हॉलमध्ये आहे. जवळ गेलं की नुसते ठिपके दिसतात. रोज केर काढताना मला त्या ठिपक्यांचा राग येतो.

आणि गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी आबांच्या हृदयाची झडप बदलायची म्हणून सांगितलं. ऑपरेशन पुण्याला. वय पाहता धोका आहे, हेही सांगितलं, आबांच्या समोरच सांगितलं. आबा म्हणाले, "जत्रा हुंद्या. आमच्या पोरीची कुस्ती हाय. मग न्या कुठं न्यायचं त्ये." पोरगी म्हणजे माझी मुलगी, बारावी झालेली, आबांच्याच हाताखाली तयार झालेली. जत्रा झाली की दोन दिवसांनी पुण्याला भरती व्हायचं, असं ठरलं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. ते गेले तर? भिंतीवर काय लावायचं, आधार कार्ड? स्पष्टच सांगते, मी त्यांच्या हाराच्या फोटोचा विचार करत होते. सकाळी त्यांना गोळ्या द्यायच्या आणि मनात चौकटीचं माप घ्यायचं. माझी मलाच किळस यायची, पण किडा काही थांबत नव्हता.

आबा स्वतःला विसरतात ती एकच जागा मला ठाऊक होती, ती म्हणजे कुस्तीच्या हौद्याचा काठ. तिथं त्यांच्या चेहऱ्यावर सगळं येतं. पण त्यांच्या तालमीचा एक नियम आहे. वस्ताद सोडला तर लढणाऱ्याच्या घरचं माणूस काठावर उभं राहायचं नाही. आईबापाचा आवाज कानात गेला की पैलवानाचं ध्यान सुटतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं मुलगी मातीत उतरली की मला मागं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लावतात तिथं, बायकांत जाऊन बसावं लागतं. लग्नाला वापरते त्या माझ्या लेन्सनं तिथून आबा मुंगीएवढे आले असते. नवी लांब लेन्स घ्यायची ऐपत नव्हती आणि लग्नसराईत भाड्यानं कुणी देईना. मग एकानं सांगितलं, वालचंदनगरला कंपनीच्या एका निवृत्त साहेबांच्या जुन्या लेन्स आहेत. साहेब वारलेत, त्यांच्या घरच्या काकू विकतात.

काकूंनी क्वार्टरच्या व्हरांड्यात टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरून दोन लेन्स मांडून ठेवल्या होत्या. दोन्ही लोखंडासारख्या जड, दोन्हींचा फोकस हातानं फिरवायचा. फिल्मच्या काळातल्या असल्या, तरी अडॅप्टर लावून माझ्या कॅमेऱ्यावर बसत होत्या. एक दोनशे मिलीमीटरची, लांबून जवळ आणणारी. काच कशी, पाण्यासारखी स्वच्छ. दुसरी एकशे पस्तीसची. तिचा पल्ला कमी, पण उजेड दुप्पट घेणारी, आणि माणसाचा चेहरा तिच्यात लोण्यासारखा उतरतो असं आम्ही फोटोवाले म्हणतो. तिची रिंगही बोटाला सहज फिरत होती. फक्त टॉर्च मारून आत पाहिलं तर कडेला बुरशीचे पांढरे धागे दिसले.

मी दोन्ही घेऊन रस्त्यावर आले. सायकलवरून कामगार सुटून येत होते. दोनशेची लावली, एका सायकलस्वाराला पकडायला रिंग फिरवली. ती इतकी घट्ट की फोकस येईपर्यंत माणूस माझ्याजवळून निघून गेला. दुसरा धरला, तोही गेला. एकशे पस्तीस लावली. माणूस लहान दिसत होता, पण तो जवळ येईल तशी रिंग त्याच्याबरोबर येत होती. तेवढ्यात ऊन खाली गेलं आणि दोनशेचीतून झाडांखालचा रस्ता काळा दिसायला लागला. जत्रेतल्या महत्त्वाच्या कुस्त्या दिवस मावळता मावळता लागतात. तिथं स्वच्छ काच घेऊन काळोख टिपण्यात काय अर्थ होता? पण बुरशी उजेडात फोटोवर धूर पसरवते, हेही मला कळत होतं. अर्धा तास मी त्या रस्त्यावर येरझाऱ्या घातल्या. काकूंना वाटलं असेल, बाई वेडी आहे. लग्नाला साडी घेताना मी एवढा वेळ घेतला नव्हता.

शेवटी एकशे पस्तीस घेतली. काकू म्हणाल्या, "ह्यांना पण हीच आवडायची. बुरशीला काही नाही, उन्हात ठेवा चार दिवस. हे ठेवायचे." त्या दोनशेची उचलून आत घेऊन गेल्या, तेव्हा चूक केली की काय असं वाटलं.

उन्हाचं आमच्या घरी कुणाला सांगावं लागत नाही. मे महिना म्हणजे अंगणात गोधड्या, गहू, कुरडया, सगळ्याला ऊन दाखवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीही घडी घातलेल्या गोधडीवर लेन्स आडवी ठेवली, दोन्ही टोपणं काढून, पूर्वेकडं तोंड करून. आबा ओट्यावर बसून बघत होते. मग स्टुडिओतून फोन आला, कुणाचा तरी अल्बम चुकला होता, आणि मी आत जाऊन त्या माणसाशी भांडत बसले. भांडताना मला वेळेचं भान राहत नाही.

बारा वाजत आले असतील. मे महिन्यात आमच्याकडे भर दुपारी सावली पायाखालीच सापडते, सूर्य टाळूवर असतो. आबांच्या मनात आलं, आडवी वस्तू एकाच अंगाला वाळते, खालची ओल तशीच राहते. म्हणून त्यांनी गव्हाची मोठ्या भोकांची चाळण गोधडीवर पालथी घातली, आणि खालून वारा लागावा म्हणून त्या चाळणीवर लेन्स उभी केली. तोंड आभाळाकडं, बूड चाळणीवर. पापड खालून वाळत नसले तर कुणीही असंच केलं असतं. पण भिंगाखाली चार बोटांवर गोधडी होती, आणि गोधडीच्या पलीकडं हातभरावर कडब्याची गंज.

मला आधी जळक्या कापसाचा वास आला. मग आबांची हाक. मी फोन टाकून बाहेर धावले. गोधडीतून धूर निघत होता, वारा सुटला होता, आणि कापसाचे पेटते तुकडे गंजीच्या बाजूला सरकत होते. आबांनी लेन्स उचलून ओट्यावर ठेवली होती आणि उजव्या हातानं पेटती गोधडी ओढत ते अंगणाच्या मधोमध निघाले होते. ज्या माणसाला दोन पायऱ्या चढायला मनाई होती तो माणूस! मी किंचाळले, "सोडा ती गोधडी! आबा, सोडा!" सोडतात कसले. मी हौदातून बादली मारली, दुसरी मारली, गंजीच्या कडेला तिसरी मारली. आग विझली. आबा तिथंच मातीत बसले, छाती धरून.

मी आजवर इतकी कधी घाबरले नव्हते. जिभेखालची गोळी द्यायला गेले तर माझ्या बोटांनी डबी उघडेना. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ निळे. मला वाटलं, पुण्यापर्यंत जायची गरजच उरली नाही, मी आणलेल्या काचेनंच काम केलं. गोळी एकदाची तोंडात गेली. त्यांचा श्वास हळूहळू खाली बसला. आणि पहिलं वाक्य काय, तर, "काच फुटली न्हाय न्हवं?"

मी त्यांच्यावर ओरडले. लेन्स कुणी उभी करायला सांगितली, कुणी मध्ये पडायला सांगितलं, हात जाळून घ्यायचाय का. ओरडता ओरडताच रडायला लागले. आबा म्हणाले, "आगं, एका अंगानं वाळली आसती नुसती." तळहात भाजला होता. दवाखान्यात नेऊन पट्टी केली आणि छातीही तपासून घेतली. डॉक्टरांनी मला झापलं, ते मी मुकाट ऐकून घेतलं.

संध्याकाळी ओट्यावर सावली आली होती. आबांनी डाव्या हातात लेन्स धरली होती आणि काहीतरी निरखत होते. जवळ जाऊन पाहिलं तर उजव्या तळहाताच्या पांढऱ्या पट्टीवर आमचं अख्खं अंगण पडलं होतं, बोटभर, रंगीत, उलटं. लिंबाचा शेंडा खाली, गाय वर पाय करून.

"आपला लिंब उलटा हाय की गं ह्यात."

"कॅमेरा सरळ करून दाखवतो," मी म्हटलं.

"आन ही कुणाला बघाय आनलीस?"

"तुमच्या नातीला. कुस्तीचे फोटो काढायला."

 आबा पट्टीवरची गाय बघत राहिले. मी चहा टाकायला आत गेले, कारण मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

जत्रेच्या दिवशी चारपासूनच मी ट्रॉलीवर जागा धरली. फळकुटावर कोपर टेकवलं, म्हणजे कॅमेरा हलणार नाही. लेन्समधले धागे थोडे फिके झाले होते, गेले नव्हते. हौद्याच्या पलीकडच्या काठावर आबा उभे होते, पांढरा फेटा, पट्टी बांधलेला हात छातीशी. माझ्या आणि त्यांच्या मध्ये लाल माती, हलगीवाले आणि माणसांची डोकीच डोकी. लहान लहान जोड्या सुटत गेल्या. दर जोडीगणिक उजेड कमी होत होता आणि माझी लेन्स पूर्ण उघडी होती, आणखी उघडायला जागा नव्हती. शटर मंद करावं तर हललेलं माणूस पुसलं जाणार. मनातल्या मनात मी पंचांना शिव्या घालत होते. एवढी भाषणं कशाला लागतात कुस्त्यांना!

एकदाची माझी मुलगी उतरली. समोर इंदापूरकडची पोरगी, खांद्यानं भरलेली. सलामी झाली, माती अंगाला लागली आणि हलगीचा ठेका वाढला. मी पहिले दोन फोटो मुलीचे काढले, मग कॅमेरा वर उचलला. आई असून उचलला. सगळ्या जत्रेचे डोळे मातीत होते आणि मी पलीकडच्या काठावर म्हातारा शोधत होते.

सापडले. मध्ये कुणाचं तरी डोकं आलं. बाजूला झालं. पुन्हा आलं. रिंग फिरवली, फेटा धूसर, मग फेट्याची घडी दिसली, मग कपाळ. खालून आरडाओरडा वाढला, बायका उठून उभ्या राहिल्या, कुणीतरी म्हणालं, "पोरगी खाली गेली!" म्हणजे माझी. तरी मी डोळा काढला नाही. आणखी एक केसभर रिंग, आणि डोळे आले. आबांचे डोळे, एकदम लखलखीत.

ते हौद्याकडं बघत नव्हते, सरळ माझ्याकडं बघत होते. इतक्या गर्दीतून, थेट लेन्समध्ये.

माझं बोट तिथंच थिजलं. त्यांनी पट्टीचा हात उचलला आणि मातीकडं केला. हिकडं काय बघतीस, तिकडं बघ. मी बटण दाबलं त्याच क्षणी त्यांनी स्वतःही मान तिकडं वळवली. मग मी कॅमेरा खाली वळवला. रिंग फिरेपर्यंत मला दोन रंगांचे डाग दिसले, एक डाग दुसऱ्याखालून निसटला, वर आला, आणि सगळी जत्रा ओरडली. फोकस आला तेव्हा इंदापूरची पोरगी पाठीवर होती आणि माझी मुलगी कुणाच्या तरी खांद्यावर.

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. उजेड कमी, शटर मंद. आबांचा हात मात्र दगडासारखा स्थिर आलाय, पट्टीचा धागा न् धागा दिसतो, बाहेर आलेल्या बोटांवरची माती दिसते. चेहरा हललाय. फेट्याखाली पांढरट पट्टा आहे, बस्स. मुलगी वैतागली. "आई, एवढी लेन्स आणली आणि चितपट केल्याचा एकही फोटो नाही?" 

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी आबा स्वतः खुर्ची घेऊन लिंबाखाली बसले. दाढी केलेली, धुतलेला फेटा बांधलेला. मला हाक मारली. "आन तुजं ते लांबडं भिंग. काड फोटू."

मी तशीच उभी राहिले.

"मला ठावं हाय तू काय हुडकतीयास ती. राग न्हाय माजा. म्हातारीचं नुसतं ठिपकं झाल्यात भिताडावर. काड. परत आलो न्हाय तर हार घालाय व्हईल."

इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला ते समोर बसलं होतं, ऊन सावलीत गाळून आलेलं, चेहऱ्यावर नेमकं जिथं हवं तिथं. कॅमेरा आत टेबलावर होता. आणि माझे पाय हलेनात. मी तो फोटो काढला असता तर मीच त्यांना निरोप दिला असता. मला ते नको होतं. मला फोटो नको होता, मला म्हातारा हवा होता, हे मला तेव्हा, त्या खुर्चीसमोर उभं राहून कळलं.

"आज नाही काढणार," मी म्हटलं. "परत आल्यावर काढते. ह्याच खुर्चीत."

"आन न्हाय आलो तर?"

"तर भिंत मोकळी राहील. तुमच्यामुळं राहिली म्हणून सगळ्यांना सांगेन."

 "लई हेकट हाईस," आबा म्हणाले, आणि फेटा सोडायला लागले.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि नवरा दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. नवरा सारखा उठून दाराकडं जात होता. माझ्या पिशवीत लेन्स होती, का घेतली होती देव जाणे. सांगितलेली वेळ टळून गेली. बाकीच्यांचे पेशंट बाहेर आले, त्यांचे लोक डबे उघडून जेवले, आमचं दार बंदच. मी स्वतःला शिव्या देत होते. एक बटण दाबायला काय झालं होतं तुला? कसला एवढा ताठा? समोर बसला होता माणूस, फेटा बांधून, आपल्या तोंडानं काढ म्हणत होता! पिशवीत हात घालून मी ती रिंग फिरवत राहिले, एकदा इकडं, एकदा तिकडं. मग दार उघडलं आणि डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. झडप बसली होती. नवरा भिंतीला टेकून रडला. मी त्याच्यावर ओरडले की इथं आवाज करू नको, आणि मग मीच मोठ्यानं रडले.

महिन्याभरानं आबा अंगणात फिरायला लागले. एका सकाळी ऊन तसंच गाळून येत होतं. मी खुर्ची लिंबाखाली ठेवली, लेन्स चढवली, फोकस जुळवून ठेवला. आबा काठी टेकत आले आणि खुर्चीकडं बघून थांबले.

"कुनाचा फोटू?"

"तुमचा. ठरलं होतं आपलं."

"ते परत न्हाय आलो तर लावाय पायजे म्हनून. आलो न्हवं मी? मग आता कशापायी?"

आणि काठीनं खुर्ची फिरवून, माझ्याकडं पाठ करून बसले. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तालमीत वस्तादांच्या मोकळ्या जागेवर आता जत्रेतला तो पट्टीचा हात लावलाय. आल्यागेल्याला आबा स्वतः नेऊन दाखवतात आणि ह्यो माजा हात म्हणून सांगतात. त्या सकाळी मी लेन्सला दोन्ही टोपणं घातली आणि त्यांच्या चहाचं आधण ठेवायला आत गेले. साखर बंद आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्यावरून आता भांडण होणारच होतं.